क्लिंट डेम्प्सीने 2013 साली मायदेशी परतण्याची घाई केली का?

प्रश्न (मध्यरेषा):
टेक्सासमध्ये वाढलेला अमेरिकी फुटबॉलपटू क्लिंट डेम्प्सी 2007 च्या जानेवारीत न्यू इंग्लंड रेव्होल्यूशन हा अमेरिकी क्लब सोडून लंडनच्या फुलहॅमकडे गेला आणि 2011-12 च्या हंगामात त्याने प्रीमियर लीगमध्ये 17 गोल केले. पुढे टॉटनहॅमकडे जेमतेम एक हंगाम खेळून, विश्वचषक वर्षभरावरही नसताना, तो तिसाव्या वर्षी अमेरिकेतील सिअ‍ॅटल साउंडर्समध्ये दाखल झाला. खेळाडूंनी युरोपातच पाय रोवून राहावे, अशी अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाचे तत्कालीन प्रशिक्षक युर्गेन क्लिन्समन यांची भूमिका होती. पैसा वगळता या निर्णयामागे काही कारण दिसते का?

उत्तर (कोपरा):
पैसा वगळला तर निम्मे कारणच वगळले जाते. अमेरिकी लीगमध्ये संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असली, तरी इंग्लंडच्या डेव्हिड बेकहॅमच्या आगमनावेळी झालेल्या नियमामुळे मोजक्या खेळाडूंना त्या मर्यादेपलीकडे मानधन देता येते, आणि सिअ‍ॅटलने तीच मुभा वापरली. दुसरे असे की, ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडविरुद्ध विजयी गोल करूनही टॉटनहॅममध्ये त्याची जागा पक्की झाली नव्हती. त्या उन्हाळ्यात पॉलिन्यो आणि शादली हे नवे खेळाडू आल्यावर तर बाकावर बसण्याचीच शक्यता अधिक होती.

उत्तर (जुना प्रेक्षक):
वरील मुद्दा मान्य आहे. मात्र त्याची युरोपातील कारकीर्द टॉटनहॅमवरून जोखणे अन्यायाचे ठरेल. 18 मार्च 2010 रोजी युरोपा लीगमध्ये इटलीचा युव्हेंटस फुलहॅमच्या क्रेव्हन कॉटेज मैदानावर आला, तेव्हा दोन सामन्यांच्या लढतीतला पहिला सामना फुलहॅम 3-1 असा हरलेला होता आणि दुसऱ्याच मिनिटाला युव्हेंटसच्या त्रेझेगेने आणखी एक गोल चढवला. तेथून फुलहॅमने दोन्ही सामन्यांच्या एकूण गोलांत बरोबरी साधली, आणि बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या डेम्प्सीने पेनल्टी क्षेत्राच्या उजव्या कडेवरून, गोलकडे जवळपास पाठ असताना, वळता वळता चेंडू अलगद उचलून गोलरक्षकाच्या डोक्यावरून दूरच्या खांबाजवळ टाकला. क्रॉस करायला गेला आणि चेंडू आत शिरला, असे म्हणणारे आजही भेटतात. त्यांनी ती चित्रफीत पुन्हा पाहावी. फुलहॅम पुढे युरोपा लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले.

उत्तर (पंचाची वही):
परतल्यानंतरचा हिशेब सरळ नाही. 2014 च्या सुरुवातीला तो उसनवारीवर फुलहॅमकडे गेला, तेथे त्याच्याकडून एकही गोल झाला नाही आणि तो क्लब त्याच हंगामात खालच्या श्रेणीत घसरला. त्याच वर्षी विश्वचषकात घानाविरुद्ध पहिल्या अर्ध्या मिनिटात गोल करून, नंतर नाक मोडलेले असतानाही, तो खेळत राहिला. 2015 मध्ये पंचांची वही फाडल्याबद्दल त्याच्यावर बंदी आली (माझे टोपणनाव त्यावरूनच). 2016 मध्ये हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे हंगाम अर्धवट सोडावा लागला आणि सिअ‍ॅटलने त्याच्याविना विजेतेपद मिळवले. तरीही 2017 मध्ये कोस्टा रिकाविरुद्ध फ्री किकवर गोल करून त्याने अमेरिकेच्याच लँडन डोनोव्हनच्या 57 आंतरराष्ट्रीय गोलांची बरोबरी केली.

मध्यरेषा:
तपशिलांबद्दल आभार. मग क्लिन्समन यांच्या भूमिकेचे काय?

कोपरा:
त्यांनी मायदेशी परतलेल्या डेम्प्सीलाच 2014 च्या विश्वचषकात कर्णधार केले, आणि डोनोव्हनला मात्र संघातूनच वगळले. तेव्हा युरोपचा आग्रह व्याख्यानापुरता होता. निवड करताना त्यांनी प्रत्येक खेळाडूला वेगळी फूटपट्टी लावली, असेच मला वाटते.