‘जॉङ’ला मराठीत काय म्हणायचं?

‘रिप्लाय 1988’ या कोरियन मालिकेबद्दल मराठीत लिहायला घेतलं की पहिल्याच परिच्छेदात ‘प्रेम’ या शब्दापाशी अडायला होतं. बापाचं प्रेम, शेजाऱ्यांचं प्रेम, मित्रांचं प्रेम, दोन विधुर-विधवांचं प्रेम असं एकच नाम दहा ठिकाणी चिकटवत गेलो, तर वीस भागांच्या मालिकेतलं सगळं वेगळेपण पुसलं जातं. या चर्चेत मूळ प्रश्न ‘जॉङ’ (सहवासातून हळूहळू जडणारी जवळीक) या कोरियन शब्दाला मराठी प्रतिशब्द कोणता, असा आहे. (हा ज ‘जीव’मधला, ‘जागा’मधला नव्हे.) आतापर्यंत आपुलकी, जिव्हाळा, स्नेह, माया हे शब्द सुचवले गेले आहेत. चारही चांगले आहेत, पण चारही एकाच ठिकाणी चालणार नाहीत. माझं म्हणणं असं की, नाम शोधण्याआधी क्रियापद शोधावं.

कोरियन माणूस ‘जॉङ करतो’ असं म्हणत नाही. ‘जॉङ आत शिरलं’ असं म्हणतो. तिथलं क्रियापद आहे ‘दुल्दा’, आत येणं. झोप लागते तेव्हाही हेच क्रियापद येतं. मराठीत पाहा, झोप लागते आणि लळाही लागतो. दोन्ही भाषांनी झोपेला आणि जवळिकीला एकच क्रियापद द्यावं, याचा मला फार आनंद वाटतो. ठरवून झोप लागत नाही आणि ठरवून लळाही लागत नाही. ‘प्रेम करणे’ या प्रयोगात कर्ता असतो, निर्णय असतो. लळा, ओढ, जीव जडणं यांत माणसाला काही करावं लागत नाही, ते त्याला होतं. म्हणून ‘तिथल्या शेजाऱ्यांचं एकमेकांवर प्रेम आहे’ हे वाक्य व्याकरणाने बरोबर असूनही कानाला खोटं लागतं. ‘एकमेकांचा जीव लागलाय’ म्हटलं की ती गल्ली डोळ्यांपुढे येते.

ती गल्ली उत्तर सोलमधल्या सांगमुनदोङची. काळ सोल ऑलिंपिकच्या वर्षापासूनचा. पाच कुटुंबं, आणि त्यांतली एकाच वयाची पाच मुलं, एकमेकांचे जिवलग. पहिल्याच भागात रात्रीच्या जेवणाची वेळ आहे. एका घरातून मुलीच्या हातात वाडगा देऊन शेजारी पाठवतात. तिथून ती दुसरंच काही घेऊन परतीचं पाऊल टाकते, तोवर समोरून दुसऱ्या घरातला पोरगा ताट घेऊन येताना दिसतो. पोरं वैतागतात, तरी भांडी फिरत राहतात. सण नाही, वार नाही, रोजचं जेवण. आपल्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत करू नये अशी रीत आहे, ती ज्यांच्या घरात पाळली गेली त्यांना या प्रसंगासाठी शब्द शोधावा लागणार नाही. याला मराठीत ‘घरोबा’ म्हणतात, आणि माझ्या मते शेजाऱ्यांमधल्या ‘जॉङ’ला याहून नेमका शब्द नाही. ‘आपुलकी’ त्यामानाने औपचारिक झाली आहे; बँकेच्या जाहिरातीतही ती असते. अर्थात ‘जॉङ’लाही बाजाराने सोडलेलं नाही. ओरियन कंपनीने 1989 पासून आपल्या चोको पायची जाहिरात याच शब्दावर केली आणि खोक्यावर त्याचं चिनी अक्षर छापलं.

आता ‘माया’. हा शब्द सुचवणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी: माया वरून खाली वाहते. आजी नातवावर माया करते. नातू आजीवर माया करतो असं आपण सहसा म्हणत नाही, नातवाला आजीचा लळा असतो. कोरियनमध्ये या उतरत्या प्रेमाला स्वतंत्र शब्द आहे, ‘नेरीसारांग’. ‘सारांग’ म्हणजे प्रेम, ‘नेरी’ म्हणजे खाली उतरणारं. उलट दिशेचं ते ‘छीसारांग’. आणि म्हण अशी आहे की, नेरीसारांग असतं पण छीसारांग नसतं. मोठ्यांची माया लहानांकडे वाहते, लहानांची वर चढत नाही.

मालिका मात्र ही म्हण खोडून काढते. त्या पाच मुलांपैकी जॉङह्वानची आई काही दिवस घराबाहेर जाते. ती परतायच्या आत नवरा आणि दोन मुलगे सगळं नीट आवरून ठेवतात. ती परतते तर घर लख्ख. तिला आनंद व्हायला हवा, पण ती खट्टू होते. कोणाला आपली गरजच पडली नाही, हे तिला लागतं. ते का, हे जॉङह्वानच्या ध्यानात येतं, आणि एरवी चार शब्द धड न बोलणारा हा मुलगा बाप-भावाला घरात मुद्दाम गोंधळ घालायला लावतो. आईला हाका सुरू होतात, ती ओरडत ओरडत कामाला लागते आणि तिचा चेहरा फुलतो. या मुलाला काय म्हणाल? ‘मातृभक्त’ तर नक्कीच नाही. तो ‘आईचं मन जाणतो’. छीसारांगसाठी मला तरी ‘मन जाणणं’ यापेक्षा जवळचं काही सापडत नाही.

बापाच्या बाबतीत आपली भाषा जरा हात आखडता घेते. आईसाठी ममता आहे, वात्सल्यही आपण बहुतेक तिच्याच पदरात टाकतो. कोरियनमध्ये मोजॉङ आणि बूजॉङ, आईचं आणि बापाचं, अशी जोडी आहे. दॉकसन ही शेजारच्या घरातली मधली मुलगी, पाचांतलीच एक. तिचा वाढदिवस दरवर्षी मोठ्या बहिणीच्या वाढदिवसातच उरकतात, आणि अंडं कमी पडलं तर तिच्याच वाट्याचं कमी होतं. ती एकदा फुटते. नंतर बाप रात्री केक घेऊन तिला गल्लीत गाठतो आणि सांगतो की, मी जन्मतः बाप नव्हतो, बाप होण्याची माझीही ही पहिलीच वेळ. इथे ‘वात्सल्य’ लिहिलंत तर प्रसंग संस्कृत होऊन जातो. ‘त्याचा जीव तुटला’ लिहा.

दॉकसन आणि तिची बहीण बोरा यांचं नातं वेगळंच. झिंज्या ओढण्यापर्यंत भांडणं. यासाठी कोरियन जोडशब्द आहे ‘मिउन जॉङ, गोउन जॉङ’: रागालोभातून जडलेलं आणि गोडीगुलाबीतून जडलेलं. मराठीत यावर डोकं खाजवायचं कारणच नाही. ‘तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना.’ आणि हे सगळं सरलं की कोरियनमध्ये ‘जॉङ’ गळून पडतं, आपल्याकडे माणूस मनातून उतरतो.

खरी अडचण ‘जाकसारांग’ची आहे. ‘जाक’ म्हणजे जोडीतलं एकच. समोरच्याला पत्ता नसलेलं प्रेम. शब्दकोशातला प्रतिशब्द ‘एकतर्फी प्रेम’. पण हा शब्द वर्तमानपत्रांनी पार नासवला. ‘एकतर्फी प्रेमातून’ म्हटलं की पुढे हल्ला किंवा खून येणार, हे वाचकाला पाठ आहे. गच्च भरलेल्या बसमध्ये दांडी घट्ट धरून, हाताच्या शिरा ताणून, दॉकसनला धक्का लागू नये म्हणून मागे उभा राहणारा आणि एक अक्षर न बोलणारा जॉङह्वान या शब्दात कसा बसवायचा? तिथे तो शब्द वापरणं अन्यायाचं आहे, मी तो वापरणार नाही. ‘झुरणे’ हे क्रियापद आपल्याकडे आहे. त्यात मागणी नाही, हक्क नाही, समोरच्याला त्रास नाही. ‘जॉङह्वान दॉकसनसाठी झुरतो’ एवढं पुरतं.

‘ओप्पा’बद्दलही विचारलं आहे. शब्दशः तो मुलीने थोरल्या भावाला मारलेली हाक, पण प्रियकरालाही चालते. सॉनऊ आणि तेक हेही त्या पाच मुलांपैकीच; सॉनऊची विधवा आई तेकच्या विधुर वडिलांना ओप्पा म्हणते, कारण दोघं एकाच गावचे, लहानपणापासून ओळखीचे. मराठीत प्रियकराला ‘दादा’ म्हणता येणार नाही, तेव्हा ओप्पा तसाच ठेवावा. त्या दोघांमधल्या गोष्टीला मात्र ‘प्रेमप्रकरण’ म्हणू नये. ‘सोबत’ हा शब्द त्यांना शोभतो.

आणि शेवटी ‘आय लव्ह यू’चं भाषांतर. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे आपण कागदावर लिहितो. तोंडाने म्हणतो ‘मला तू आवडतेस’. कोरियन पोरंही बहुतेक ‘नानुन नीगा जोआ’वर भागवतात. या वाक्याची घडण थेट आपल्यासारखी आहे: कर्त्याच्या जागी आवडणारी व्यक्ती, आणि ज्याला आवडते तो बाजूला. इंग्रजी सबटायटलं वाचून मराठीत लिहिणाऱ्यांनी निदान इथे तरी इंग्रजीच्या वळणाने जाऊ नये.

‘झुरणे’साठी वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी किंवा गोव्याच्या बोलीत आणखी रोजच्या वापरातला शब्द असेल तर इथे जरूर लिहा, वाक्यासकट.