ट्रिगरचे पोटेन्शिओमीटर काढताना जरा जपून

घरी आर्केड कॅबिनेट (बटणं-जॉयस्टिकवाली व्हिडिओ गेमची पेटी) बनवताना कन्सोलचा जुना कंट्रोलर उघडून त्याच्याच सर्किटवरून आर्केड बटणांना वायरी काढा, असं सुचवलं जातं, ते मलाही पटतं. तयार एन्कोडर बोर्ड (बटणांचे सिग्नल यूएसबीवरून पाठवणारं सर्किट) पीसीवर बिनबोभाट चालतो, पण कन्सोल त्याला ओळखेलच असं नाही. पीएस४ तर परवाना नसलेला बोर्ड साधारण ८ मिनिटांनी तोडून टाकतो, म्हणजे नेमका खेळ रंगात आल्यावर!

पण एल२-आर२ बद्दल, म्हणजे कंट्रोलरच्या मागच्या दोन ट्रिगरांबद्दल, कोणी बोललं नाही. हल्लीच्या बहुतेक कंट्रोलरांत ती साधी बटणं नसून अ‍ॅनालॉग ट्रिगर असतात, म्हणजे किती दाबलं तेही कळवणारे. मी त्यांचे पोटेन्शिओमीटर (थोडक्यात 'पोट', ट्रिगर दाबेल तसं व्होल्टेज बदलणारा भाग) काढले, कॅबिनेट चालू केलं, तर मेन्यू आपोआप पळायला लागला. तासभर बिचाऱ्या जॉयस्टिकला शिव्या घातल्या. दोष तिचा नव्हताच. पोट काढल्यावर ती लाइन अधांतरी राहते आणि कन्सोलला ट्रिगर दाबल्यासारखा वाटतो. १० किलोओहमचा रेझिस्टर लावून ती लाइन 'न दाबलेल्या' व्होल्टेजला बांधली, बटण दाबलं की ती 'दाबलेल्या' व्होल्टेजला जाईल असं जोडलं आणि प्रकार थांबला. ते व्होल्टेज शून्याकडचं की वरचं, हे कंट्रोलरगणिक बदलतं. म्हणून पोट जागेवर असतानाच, ट्रिगर सोडून आणि दाबून, मल्टिमीटरने मोजून कागदावर लिहून ठेवा. बाकी बटणांचा ग्राउंड (परतीची वायर) एकच आहे का, तेही त्याच बैठकीत मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं आतून जोडलेली आहेत का ते दाखवणाऱ्या सेटिंगवर) लावून बघा. नसेल तर प्रत्येक बटणाला दोन वायरी ओढाव्या लागतात, आणि पॅनेलखाली शेवयांचं जंगल होतं.