मदत हवी आहे: विंकलर टायट्रेशनमध्ये निळा रंग परत येतोय

गोव्यातल्या मांडवीच्या खाडीतल्या पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन विंकलर या रासायनिक पद्धतीने मोजतोय. १२५ मिलीची बाटली, मँगनीज क्लोराइड आणि अल्कलाइन आयोडाइड प्रत्येकी १ मिली. साका पूर्ण बसल्यावर सल्फ्युरिक आम्ल, मग ०.०१ नॉर्मल थायोसल्फेट, शेवटी स्टार्च (आयोडीन उरलं असेपर्यंत निळा).

भरतीच्या नमुन्यांना त्रास नाही. ओहोटीच्या गढूळ पाण्यात मात्र रंग जाऊन मिनिटभरात परत निळा होतो. नायट्राइटचा अडथळा टाळायला सोडियम अझाइड आधीच घातलंय, त्यामुळे संशय गाळातल्या फेरिक लोहावर, ते आयोडाइडमधून पुन्हा आयोडीन सोडतं. खाणपट्ट्यातली नदी, दुसरं काय!

आम्लाआधी पोटॅशियम फ्लोराइड घालावं, की सल्फ्युरिकऐवजी फॉस्फोरिक आम्ल वापरावं? खाऱ्या पाण्यात फ्लोराइडने कॅल्शियमचा साका येऊन अंत्यबिंदू (निळा रंग जाण्याचा क्षण) झाकोळतो का?

ऑक्सिजन सेन्सर सुचवू नका. त्यातलं क्षारतेचं सेटिंग शून्यावर राहिलं तर ३० क्षारतेच्या पाण्यात तो बराच जास्त ऑक्सिजन दाखवतो. तो तपासायलाच विंकलर हवंय.