बाग कराराने दिलेली, विहीर मात्र आमचीच

पडवीतून (रत्नागिरी तालुका)

आमची हापूसची साठेक कलमे आहेत. सासरे गेल्यापासून बाग पाच वर्षांच्या कराराने दिली असून फवारणीपासून तोडणीपर्यंत सर्व काही करारदार पाहतो. पावसाळ्यात त्याची माणसे खोडाभोवती कल्टार (झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारे औषध) घालतात आणि मोहोर आला की फवारणीचा पंप सुरू होतो. पिण्याची विहीर बागेच्या खालच्या अंगाला, शेवटच्या कलमापासून जेमतेम वीस पावलांवर आहे. सुनेला पाचवा महिना आहे. यंदा घरचा आंबा खावा की नाही, असे तिने विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. आंबे मिठाच्या पाण्यात ठेवले आणि पाणी उकळले, तर पुरेसे होते का?

कातळावरचा (देवगड)

ताई, मी स्वतः बागायतदार आहे, तेव्हा माझे बोलणे तेवढे वजा करून घ्या. तुडतुडे आणि भुरीने मोहोर काळा पडताना पाहिला की फवारणीचा हात थांबत नाही, हे खरे आहे. कल्टारची शिफारस दापोलीच्या कृषी विद्यापीठाचीच आहे. पण ती झाडाच्या विस्ताराच्या व्यासाच्या दर मीटरला ३ मिलिलिटर इतकीच, आणि तीही सशक्त झाडासाठी; जास्त घातले तर पुढे झाड खंगते. ज्याला पाच वर्षांत पैसे काढायचे आहेत, त्याला सहाव्या वर्षीच्या झाडाची काळजी कशाला असेल? त्याच्याकडून बाटल्या मागून घ्या. लेबलावरील त्रिकोण लाल असेल तर औषध सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, निळा, हिरवा. शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस सोडायचे, तेही तिथेच छापलेले असते. पंप कुठे धुतात तेही पाहा. आमच्याकडे एकाला विहिरीच्या कठड्यावर धुताना मी पकडले आहे.

जुनी प्रयोगवही (चिपळूण)

रसायनशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. धुण्याने सालीवरचा काही अंश निघतो. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधे मात्र झाडाच्या रसात शिरतात आणि त्यांच्यापुढे मिठाच्या पाण्याचा उपयोग नाही. तरीही मोहोरावरची फवारणी आणि तोडणी यांत बराच काळ जातो व औषध बरेचसे विघटित होते, त्यामुळे सोडायचे दिवस पाळले असतील, तर साल काढून खाल्लेल्या घरच्या आंब्याची मला फारशी धास्ती वाटत नाही. (कार्बाइडचा प्रश्न तुमच्याकडे नाहीच; आंबा पिकवण्यासाठी त्याच्या वापरावर बंदी आहे आणि पेंढ्यातल्या आढीला त्याची गरजही नसते.)

माझे लक्ष विहिरीकडे जाते. उकळल्याने जंतू मरतात, ही औषधे जात नाहीत. उलट पाणी आटेल तसे त्यांचे प्रमाण वाढू शकते. कल्टारमधील पॅक्लोब्युट्राझोल जमिनीत महिनोन्महिने टिकते आणि ते घातले जाते जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे सच्छिद्र जांभ्या दगडातून पाणी सरसर खाली उतरत असते त्याच दिवसांत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००, वर्ष २०१२) कीडनाशकांची यादी आहे, पण तीत हे नाव नाही. म्हणून प्रयोगशाळेत नुसते 'पाणी तपासा' म्हणू नका. बाटल्यांवरील घटकांची नावे लिहून द्या आणि ती चाचणी त्यांच्याकडे होते का, हे आधी विचारा. अहवाल येईपर्यंत सुनेसाठी पाणी दुसरीकडून आणावे, आणि फवारणीच्या दिवशी तिने बागेपासून दूर राहावे. तिच्या डॉक्टरांनाही हे सर्व सांगून ठेवा.

पडवीतून

दोघांचेही आभार. आज बाटल्या मागवल्या. दोन निळ्या त्रिकोणाच्या निघाल्या, तिसरीचे लेबल खरवडलेले होते आणि त्यात काय होते, ते त्याच्या गड्यालाही सांगता येईना. ती बाटली वापरायची नाही, असे बजावले आहे. विहिरीलगतच्या सात कलमांना कल्टार न घालण्यास करारदार तयार आहे, परंतु तेवढी रक्कम वजा करून घेणार म्हणतो. मी हो म्हटले. पाणी सध्या वरच्या वाडीतील नळावरून आणतो.