सल्ला हवा: माया संस्कृतीवरच्या कथेची नायिका – पुजारीण की सुईण?

खारीबटर

नमस्कार मंडळी. शीर्षकातली माया म्हणजे 'जगन्मिथ्या'वाली नव्हे, मेक्सिको-ग्वातेमालातली. अध्यात्म समजून आलेल्यांची आधीच माफी मागते.

एका दिवाळी अंकासाठी दीर्घकथा लिहायला घेतली आहे. काळ इसवी सन ७००च्या आसपासचा, ठिकाण टिकालसारखं मोठं शहर. नायिका इश चेल देवीच्या देवळात वाढलेली तरुण पुजारीण, हाताला गुण असलेली. तीन प्रकरणं भराभर झाली आणि चौथ्यात गाडी रुतली. कारण लक्षात आलं की ही बाई सकाळी उठून नेमकं काय करते हेच मला ठाऊक नाही. देऊळ झाडते? औषध कशात कुटते? आजारी माणसाला पहिला प्रश्न काय विचारते?

या विषयावरच्या तीन-चार इंग्रजी कादंबऱ्या वाचल्या. सगळ्यांत नायिका सोळा वर्षांची, एकीचे तर डोळे हिरवे (!), आणि शेवटी विहिरीत बळी द्यायला नेतात तेव्हा कोणीतरी येऊन सोडवतं. तसलं नको आहे. माझी पणजी सुईण होती, तिच्याबद्दल घरात जे ऐकलं त्यातून ही कथा सुचली. तेव्हा मुळातलं काय वाचू ते सांगा. आणि मी कुठे चुकतेय तेही सांगा, राग येणार नाही (आला तरी दाखवणार नाही).

पाटावरवंटा

आधी 'पोपोल वूह' वाचा. ग्वातेमालातल्या किचे माया लोकांची ही पुराणकथा सोळाव्या शतकात रोमन लिपीत उतरली. आज आपल्याकडे आहे ती फ्रान्सिस्को हिमेनेस या पाद्र्याने १७०० नंतर लगेचच चिचिकास्तेनांगोला केलेली नक्कल. इंग्रजी भाषांतरं चांगली आहेत.

तुमची नायिका त्यात आहे, फक्त ती आजी आहे. श्मुकाने. तिचं बिरुदच 'इयोम', म्हणजे सुईण. देवांना माणूस घडवायचा असतो, लाकडाचा जमेल का हे कळत नसतं, तेव्हा ते या म्हातारीकडे कौल लावायला जातात. ती मक्याचे दाणे आणि 'त्झिते'च्या लाल बिया टाकून बघते. लाकडाची माणसं फसतात ते सोडा. पुढे पिवळा आणि पांढरा मका नऊ वेळा दळून त्यातून माणूस होतो, आणि दळते कोण? हीच.

गंमत म्हणजे त्झिते हा आपल्या पांगाऱ्याचा सख्खा भाऊबंद, एकाच प्रजातीतला. बिया कशा दिसतात ते बघायला ग्वातेमाला गाठायची गरज नाही.

ओसाडगावकर

दुसरं अपरिहार्य पुस्तक म्हणजे दिएगो दे लांदा या स्पॅनिश पाद्र्याचा युकातानचा (मेक्सिकोतल्या माया मुलखाचा) वृत्तांत. वाचताना चीड येईल. याच माणसाने जुलै १५६२मध्ये मानी गावात माया लोकांच्या पोथ्या जाळल्या, आणि त्यांच्या चालीरीतींची सगळ्यांत तपशीलवार नोंदही यानेच १५६६च्या सुमारास करून ठेवली. आज जगात माया पोथ्या उरल्यात फक्त चार.

लांदा सांगतो की बाळंतपणाला 'चेटकिणी' यायच्या आणि बाजेखाली इश चेलची मूर्ती ठेवायच्या. चेटकिणी हा त्याचा शब्द, आपण सुईणी म्हणू. माया पंचांगातल्या सिप महिन्यात वैद्य आणि मांत्रिक आपापल्या बायकांसह कुणा एकाच्या घरी जमायचे, औषधांची गाठोडी सोडायचे. त्यात देवीच्या छोट्या मूर्ती आणि कौल लावायचे खडे असायचे, त्यांना 'आम' म्हणत. हा सण घरात होतो हे लक्षात घ्या. देवळात नाही.

आता तुमच्या कथेच्या मुळावर येणारी गोष्ट. तोच लांदा म्हणतो की देवळातल्या बळीच्या विधींना बायकांना मज्जाव होता, काही सणांना नाचायला तेवढ्या म्हाताऱ्या बायका चालत. युकातानमधल्या उश्मल या माया शहरातल्या ज्या भव्य वाड्याला 'जोगिणींचा मठ' म्हणतात, ते नाव स्पॅनिश लोकांनी ठेवलं, ओळीने खोल्या बघून त्यांना आपले मठ आठवले म्हणून. तिथे जोगिणी राहत होत्या याला पुरावा शून्य. देवळात वाढलेली कोवळी पुजारीण ही बरीचशी अशा नावांतून जन्मलेली आहे.

खारीबटर

अरे देवा. म्हणजे तीन प्रकरणं रद्दीत? बाईने पूजाच करायची नाही असं कसं असेल?

दगडवेडी

थांबा, लगेच रद्दीत नको. ओसाडगावकर सांगताहेत ते सोळाव्या शतकातलं युकातान. तुमची कथा त्याच्या आठशे वर्षं आधीची आणि बरीच दक्षिणेला. दगडावर कोरलेलं बघा, तिथे बायका आहेत आणि ठळक आहेत.

याश्चिलान या माया शहराची राणी काबाल शोक (मराठीत वाचताना उगाच वाईट वाटतं). तेविसाव्या क्रमांकाच्या इमारतीच्या दारांवरच्या पट्ट्यांवर ती कोरली आहे. एका पट्टीवर ती गुडघे टेकून जिभेतून काटेरी दोर ओवते आहे, समोर राजा मशाल धरून उभा, खाली टोपलीत रक्त टिपलेले कागद. विधी ७०९ सालचा, म्हणजे तुमचाच काळ. पुढच्या पट्टीवर त्याच तऱ्हेच्या विधीतून अजस्र सर्प उठतो आणि त्याच्या जबड्यातून एक योद्धा तिच्यासमोर प्रकटतो. आणि ही इमारत तिची आहे असं लेखच सांगतो. दोन्ही पट्ट्या आता लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. छायाचित्रं मोठी करून तिच्या झग्याची वीण बघा, दगडात इतकं विणकाम मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

दुसरी राणी नारान्हो शहराची. तिचं नाव अभ्यासक 'सहा-आकाश' असं वाचतात. ६८२मध्ये दोस पिलास या दुसऱ्या माया शहरातून आली, आल्या आल्या विधी केले, आणि ६९३मध्ये पाच वर्षांचा मुलगा गादीवर बसल्यावर कारभार तिच्या हातात. कैद्याला पायाखाली घेऊन उभी आहे.

तेव्हा देवाशी बोलणारी बाई होती, फक्त ती राणी होती. देवळात नोकरीला ठेवलेली मुलगी नव्हे. तुम्हाला पुजारीणच हवी असेल तर ती राजघराण्यातली करा, आणि मग ती पाला कुटत बसणार नाही.

नुसताच वाचक

विहिरीत ढकलायच्या कुमारिकांबद्दल: युकातानमधल्या चिचेन इत्सा शहराच्या पवित्र विहिरीतून काढलेल्या हाडांत पुरुष, बायका, मुलं सगळेच निघाले. आणि तिच्याजवळच्या एका भूमिगत टाक्यात सापडलेल्या ६४ मुलांचं डीएनए संशोधन २०२४मध्ये आलं. ६४च्या ६४ मुलगे, बहुतेक तीन ते सहा वर्षांचे, त्यात जुळ्यांच्या दोन जोड्या. मुलगी एकही नाही. वाचून दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

तुळशीवृंदावन

मी औषधांपुरतं लिहिते, तोच माझा प्रांत.

आजच्या माया वैदूंचे व्हिडिओ बघून लिहू नका. ते हातात सताप घेतात, तुळशीच्या जातीचा पाला घेतात, अंगावरून कोंबडीचं अंडं उतरवतात. यातलं सताप, तो पाला आणि कोंबडी, तिन्ही स्पॅनिश लोकांबरोबर समुद्र ओलांडून आले. तसंच केळी, ऊस, संत्रं, कॉफी. ७०० सालात अंगणात टर्की फिरेल, कोंबडी नाही. (आमच्या लेखकांना प्रत्येक जखमेवर हळद लावायची सवय असते, तीही आवरा.)

मग होतं काय? मध, तोही डंख नसलेल्या छोट्या माशीचा. ती पोकळ ओंडक्यात पाळतात आणि ओंडक्याची तोंडं चकत्यांनी बंद करतात. धुपाला कोपालची राळ, तिला तिकडे 'पोम' म्हणतात. आणि तंबाखू, ओढायला आणि औषधालाही. एका छोट्या माया कुपीवर चक्क 'तंबाखूचं घर' असं लिहिलं आहे आणि आत निकोटीनचे अंश सापडले. लेबल लावलेली डबी हो! तुमच्या नायिकेच्या कमरेला अशी एक असू द्या.

पहिला प्रश्न काय विचारते, हे विचारलंत ना? 'बाकाबांचे विधी' नावाचं युकातेक भाषेतलं मंत्रांचं हस्तलिखित आहे. प्रत अठराव्या शतकातली, पण मंत्रांचा सूर फार जुना. राल्फ रॉईज यांचं इंग्रजी भाषांतर १९६५चं. झटके, दमा, दातातला किडा, मोडलेलं हाड, सगळ्यांवर मंत्र आहेत. त्यात वैद्य रोग्याला काही विचारत नाही, रोगाला विचारतो: तुझी आई कोण, तुझा बाप कोण, तू कुठल्या दिवशी जन्मलास? कुळी काढल्याशिवाय हाकलत नाहीत. यावर एक अख्खं प्रकरण उभं राहील.

आडवाटेचा प्रवासी

टिकाल सोडा आणि एल साल्व्हादोरमधलं होया दे सेरेन बघा. १९७६मध्ये धान्याच्या कोठारांसाठी बुलडोझर जमीन सपाट करत होता, तेव्हा एका घराची भिंत लागली. सातव्या शतकात जवळच ज्वालामुखी फुटला आणि अख्खं खेडं राखेखाली गेलं. माणसं पळाली असावीत, कारण सांगाडे सापडले नाहीत. बाकी सगळं जागच्या जागी राहिलं: मडक्यातलं अन्न, शेतातला मका, आढ्याला खोचलेली दगडी पाती. जेवणं झालेली, अंथरुणं घातलेली नाहीत, म्हणून वेळ संध्याकाळची असावी असा अंदाज.

या खेड्यात एक घर बाकीच्यांसारखं नाही. भिंतीला जाळीच्या खिडक्या, आत अंग चोरून जावं लागेल अशा खोल्या, राहण्यासारखं काही नाही. आत सापडलं काय, तर घेवड्याच्या बियांची रास, खनिजांचे खडे, एक बाईची मूर्ती. उत्खनन करणारे पेसन शीट्स यांचं म्हणणं असं की इथे एक बाई कौल लावत असे आणि लोक आपापल्या वस्तू तिला देऊन जात. वर पाटावरवंटा यांनी श्मुकानेच्या बिया सांगितल्या, त्या इथे जमिनीवर पडल्यात!

त्याच गावात मातीच्या घुमटाचं वाफेचं न्हाणीघर आहे, मधोमध चूल, दहा-बारा माणसं मावतील एवढं. ग्वातेमालाच्या डोंगराळ भागात आजही सुईणी बाळंतिणीला अशा न्हाणीघरात शेकतात, किचे भाषेत त्याला 'तूह' म्हणतात.

पाटावरवंटा

+१. हे मलाच सुचायला हवं होतं.

दगडवेडी

एक कुरकुर राहिलीच. इश चेल हे नाव युकातानच्या सोळाव्या शतकातल्या नोंदींतून आलं आहे. पोथ्यांत जी देवी दिसते तिचं नाव चाक चेल वाचतात. ती म्हातारी आहे, डोक्यावर साप, हाताला वाघनखं, आणि घागर उपडी करून जगावर पाणी ओतते. पर्यटनाच्या पोस्टरवरची चंद्रावर बसलेली सुंदरी ही वेगळीच भानगड. आणि कृपा करून तिला 'त्यांची सटवाई' करू नका. सटवाई कपाळावर लिहून जाते, ही पूर आणते आणि मूलही सोडवते.

खारीबटर

सटवाई खरंच लिहिली होती, दुसऱ्या प्रकरणात. काढली.

काल रात्री तीनही प्रकरणं बाजूला ठेवली. आता राजा नाही, देऊळ नाही. सेरेनसारखं खेडं, पन्नाशीची बाई, जाळीच्या खिडकीपलीकडे कुणीतरी गरोदर सून घेऊन आलंय. देवीचं नाव ती उच्चारतच नाही, 'आजी' म्हणते. राणी लांबच्या शहरात आहे, हिने तिला कधी पाहिलेलं नाही. सुरुवात अशी केली आहे: 'ती पाट्यासमोर उकिडवी बसून मका वाटत होती, तेवढ्यात जमीन हलली.' जमतंय का?

आडवाटेचा प्रवासी

जमतंय, पण तिला उठवा. सेरेनमध्ये पाटे लाकडी बेचक्यांवर उंच बसवलेले सापडलेत. तिथली बाई उभ्याने वाटते.

खारीबटर

उठवली.