गांत्झ:ओ : बाहुल्यांची कत्तल म्हणे!

ओलीसुकी_भेळ

परवा 'सध्या काय पाहताय' धाग्यावर कातळकडा यांनी गांत्झ:ओ या संगणकावर केलेल्या जपानी सिनेमाचा ('गांत्झ' या मांगावरून, म्हणजे जपानी चित्रकथेवरून, काढलेला) अडीच ओळींत निकाल लावला. 'गांत्झ:ओ पाहिला. प्लॅस्टिकच्या बाहुल्या प्लॅस्टिकच्या बाहुल्यांना फाडतात. मांगातली हिंसा हाताच्या रेषेत असते, ती संगणकात येत नाही.' खाली सहमत, सहमत, +१ ची रांग. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढतेय. जिलबी वाटली तर पुढे जा.

पहिली गोष्ट. हाताची रेष, हाताची रेष काय लावलंय? हिरोया ओकू मांगातली पात्रं हाताने काढायचा, पण मागच्या इमारती, रस्ते, खोल्या संगणकावर त्रिमितीत उभ्या करून वापरायचा. २००० ते २०१३, यंग जंप साप्ताहिकात, ३७ खंड. म्हणजे ज्या पानांपुढे तुम्ही हात जोडता, त्यांत संगणक आधीपासून बसलेला आहे.

दुसरी, आणि माझ्या मते खरी. त्या कथेत माणसं असतात कुठे? मेलेल्या माणसाची 'गांत्झ' नावाचा काळा गोळा नक्कल काढतो आणि गुणांसाठी राक्षस मारायला धाडतो. बंद खोलीत शरीर काप-काप घडत जातं, मधला छेद दिसतो, आणि मग तो इसम 'मी वाचलो की मेलो' विचारत उभा राहतो. पहिला देह तिकडे रुळांवर पडलेला. अशा गोष्टीत चेहरे जरा जास्तच गुळगुळीत दिसले, तर ते मला खटकत नाही, उलट अंगावर काटा येतो. ही छापून काढलेली माणसं आहेत. २०११ च्या दोन सिनेमांत खरे नट होते, त्यांच्यात ही भीती नव्हती.

कातळकडा

माझ्या अडीच ओळींना एवढा निबंध! धन्य झालो.

पार्श्वभूमी संगणकावर काढायचा हे माहीत होतं. (नव्हतं. आत्ता पाहिलं. ठीक आहे, तो मुद्दा तुमचा.) पण मरतात ती पात्रं, इमारती नाहीत. आणि 'चेहरा निर्जीव आहे कारण कथेत तो नक्कल आहे' हे म्हणजे भात करपला तर 'मुद्दाम खरपूस ठेवलाय' म्हणण्यासारखं झालं.

माझं दुखणं वेगळंच आहे. त्या नकलांच्या हातातली ती बंदूक, एक्स-गन. चाप ओढला की लगेच काहीच होत नाही. क्षणभर शांतता, मग समोरचा आतून फुटतो. मांगात ती शांतता पान उलटण्यात आहे. डावीकडच्या शेवटच्या चौकटीत बंदुकीचा आवाज, 'ग्योन', आणि पुढे काय ते बघायला पान माझ्याच हाताने उलटायचं. म्हणजे मारण्यात मीही सामील! सिनेमात तो क्षण दिग्दर्शक मोजून देतो, मी नुसता बसून बघतो. ही गोष्ट पडद्यावर येऊच शकत नाही, संगणक असो की खरा नट.

रेंडरवाला

कातळकडा, पान उलटण्याचा मुद्दा एक नंबर. बाहुल्यांचा मुद्दा शून्य.

अंधेरीतल्या एका स्टुडिओत चार वर्षं मोशन कॅप्चरची साफसफाई केलीय. नट अंगाला ठिपके लावून नाचतो, यंत्र हालचाल पकडतं, लोकांना वाटतं झालं काम. अहो, खरं काम तिथून सुरू होतं. पाय जमिनीवर घसरतात, बोटं एकमेकांतून आरपार जातात, आणि डोळ्यांचा तर पत्ताच नसतो. मी एकदा दीड महिना फक्त पाय घसरण्याचं दुरुस्त केलं. गर्दीत मरणारी माणसं होती, चौथा मेलेला इसम म्हणजे मीच, स्वतः उभा राहून पडून दाखवलं होतं. श्रेयनामावलीत नाव? नाही. शेवटच्या दोन महिन्यांचा पगार? तोही नाही. स्टुडिओच बंद झाला, एचआरचा फोन अजून 'व्यस्त' आहे.

तेव्हा डिजिटल फ्रंटियर स्टुडिओवाल्यांनी गांत्झ:ओमध्ये काय केलं ते मी वेगळ्या डोळ्यांनी बघतो. ते काळे अंगाला चिकटलेले सूट बघा. कपड्याला चुण्याच नाहीत! निम्मी डोकेदुखी तिथेच संपली. आणि शेवटी मुख्य राक्षस नुरारिह्योन शेकडो बायकांच्या देहांचा एक डोंगर होऊन उभा राहतो ना, ते दृश्य बघून मला घृणा आली नाही, मला ते करणाऱ्या पोरांच्या झोपेची काळजी वाटली.

कातळकडा

म्हणजे सिनेमा चांगला, कारण करणाऱ्यांनी रात्री जागवल्या? रात्री तर आमचे सोसायटीचे वॉचमनही जागतात.

रेंडरवाला

वॉचमनला पगार मिळतो.

अक्काबाई

माझ्या दहावीतल्या चिरंजीवांच्या खांद्यावरून पंधरा मिनिटं पाहिला. बंद करायला लावणार होते. मग आठवलं, माझी आजी रात्री निजताना हडळीची गोष्ट सांगायची. पाय उलटे, पाठ पोकळ, विहिरीशी बाळाला बोलावते. मी सात वर्षांची होते. त्यामुळे गप्प बसले. गांत्झची ॲनिमेशन मालिका नको, हे तरी बरं, असा विचार केला. (मालिका २००४ ची, तिच्यात याहून वाईट आहे असं चिरंजीव म्हणाले. टीव्हीवर दाखवताना तिच्यातली दृश्यं कापली होती म्हणे.)

त्यात ओसाकाच्या रस्त्यावर यांची हडळ-खवीस मंडळीच आहेत ना? आपल्याकडे इतकी भुतं आहेत, आपले लोक हे का करत नाहीत?

पेठी_चातक

अक्काबाई, हेच म्हणणार होतो! ओसाकाच्या दोतोनबोरीत योकाई (जपानी भुतं) उतरतात तसे तुळशीबागेत मुंजा, झोटिंग, खवीस, ब्रह्मसमंध, लावसट, आणि शेवटचा बॉस वेताळ. शंभर गुणांचा. कोकणातून थेट वेतोबाच आणा! मी पैसे लावतो (पाचशेपर्यंत).

शिरोड्याचा_मीठवाला

जरा थांबा. बाकी भुतांचं काय ते करा. वेतोबा भूत नाही. आरवलीला येऊन बघा. लोक नवसाचे केळ्यांचे घड आणि हातभर लांब चामड्याच्या चपला वाहतात, कारण देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात. झिजलेल्या चपला मी डोळ्यांनी पाहिल्यात. माझ्या आजोबांनी होडी घेतली तेव्हा आधी तिथे कौल लावला होता. त्याला तुम्ही काळ्या सुटातल्या पोरांकडून फोडून घेणार? शंभर गुण?

पेठी_चातक

अहो मीठवाले, गंमत होती. आणि नुरारिह्योनही कुणाचा तरी...

शिरोड्याचा_मीठवाला

कुणाचाही नाही! तोच तर फरक आहे. नुरारिह्योनाला कोण नवस बोलतं? आणि गंमत करायची तर आपल्या पेठेतल्या देवाची करा. वेतोबाक हात लावशात तर याद राखा.

ओलीसुकी_भेळ

धागा आरवलीला पोचला. शाब्बास.

लेणी_आणि_चहा

अवांतर, पण मीठवाले यांचा फरक महत्त्वाचा आहे आणि अर्धाच बरोबर आहे. नुरारिह्योन दिसतो तो चित्रकार तोरियामा सेकिएनच्या १७७६ च्या चित्रसंग्रहात. पालखीतून उतरून घरात शिरणारा म्हातारा, शेजारी फक्त नाव, बाकी एक अक्षर नाही. संध्याकाळी घरात घुसून मालकासारखा चहा पितो वगैरे सगळं नंतर चिकटलं. ती रिकामी जागा ओकूने भरली. म्हातारा, मग बाई, मग देहांचा डोंगर. खवीस-झोटिंगांतही अशी जागा आहे. वेतोबात नाही, तिथे रोज पूजा आहे.

पण 'जपानी लोक पूजेतल्या मूर्तींना हात लावत नाहीत' असं कुणी मनात आणत असेल तर मांगा उघडा. ओसाकाच्या कितीतरी आधी देवळाचं प्रकरण आहे, बुद्धमूर्ती चालत येतात. सहस्रभुज कान्नोन जवळजवळ सगळ्यांना मारते, मुख्य पात्रांतल्या कातोलाही. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. कान्हेरीच्या ४१ क्रमांकाच्या लेण्यात एकादशमुख उभा आहे, बोरिवलीहून रिक्षा करा.

शिरोड्याचा_मीठवाला

त्यांनी केलं म्हणून आम्ही करायचं?

लेणी_आणि_चहा

तसं कुठे म्हटलं? फक्त सांगितलं.

पेठी_चातक

मी वेतोबा मागे घेतो. खवीस ठेवतो. माफ करा मीठवाले. पण तुळशीबाग सोडणार नाही.

कातळकडा

भूतसंमेलन आटोपलं असेल तर मूळ विषय. यामासाकी आंझू मरते तेव्हा मला काहीही वाटलं नाही. घरी लहान मूल आहे म्हणून सांगणारी बाई, आणि मी घड्याळ बघतोय. हा पुरावा पुरे नाही का?

अक्काबाई

अहो, रसभंग! माझं पोरगं अजून तिथवर पोचलं नाहीये आणि मीही नाही!

ओलीसुकी_भेळ

कातळकडा, तिच्याशी तुमची ओळख दीड तासाची. मांगात तिच्यासोबत तुम्ही आठवड्यामागून आठवडे काढलेत. सिनेमाने फक्त ओसाका उचललं, मागचं-पुढचं सगळं सोडलं. ती चूक पटकथेची आहे, संगणकाची नाही.

आणखी एक. ओसाकावाले बोलतात ती ओसाकाची बोली आहे, उद्धट, खुसखुशीत. उपशीर्षकांत ती सरळ शाळेची भाषा होते. मीठवाल्यांचं 'याद राखा' प्रमाण मराठीत लिहून बघा, तुम्हालाही काही वाटणार नाही.

कातळकडा

हं. बोलीचं मान्य. पटकथेचं अर्धं मान्य. बाहुल्या मात्र बाहुल्याच.

रेंडरवाला

मेलेल्या चौथ्या इसमातर्फे निषेध.

शिरोड्याचा_मीठवाला

भेळताई, माझं वाक्य उदाहरणाला वापरलंत, विचारलं नाहीत. असो. सिनेमा आत्ता लावलाय. ते राक्षसाशी मारामारी करणारं मोठं यंत्र बरं आहे. बाकीचं जेवून बघतो.