स्टारच्या बोलण्याचा वचपा प्रेक्षक तिकीटबारीवर काढतो का?

आडवा_पडदा:
मोठा हिंदी सिनेमा पडला की दोन दिवसांत निदान तयार असतं: "हिरोची प्रतिमाच खराब झाली होती." मला हे पटत नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये आमिर खान असहिष्णुतेबद्दल बोलला, केवढा गदारोळ झाला! त्यानंतर डिसेंबर २०१६ मध्ये आलेल्या त्याच्या 'दंगल'ने देशात ३८० कोटींच्या वर निव्वळ कमाई (कर वजा जाता तिकीटविक्री) केली. सलमान खानला मे २०१५ मध्ये सत्र न्यायालयाने हिट अँड रन खटल्यात दोषी ठरवलं (उच्च न्यायालयाने शिक्षा लगेच स्थगित केली, डिसेंबरमध्ये तो निर्दोष सुटला). मधल्या जुलैत त्याचा 'बजरंगी भाईजान' ३०० कोटींच्या पार गेला.

माझ्या मते लोक एवढंच बघतात, की मागच्या वेळी या माणसाने पैसे वसूल करून दिले का? आमिरच्या 'ठग्ज ऑफ हिंदोस्तान'ने २०१८ मध्ये पहिल्या दिवशी ५० कोटी ओलांडले आणि मग तो कोसळला. फसवणूक झाल्याची ती भावना लोक विसरले नाहीत. त्याच्या पुढच्या 'लाल सिंग चड्ढा'ने तिचीच किंमत मोजली.

मधली_रांग:
साफ असहमत. सिनेमा वाईट आहे हे कळायला तो आधी कुणीतरी बघावा लागतो. 'लाल सिंग' ११ ऑगस्ट २०२२ ला, रक्षाबंधनाच्या दिवशी आला, तरी पहिल्या दिवशी जेमतेम ११-१२ कोटी. लोक आलेच नाहीत!

आमच्या घरातलं सांगते. आठ जणांनी जायचं ठरलं होतं. कुटुंबाच्या ग्रुपवर आमिरच्या जुन्या मुलाखतीची क्लिप आली. काकांनी खाली लिहिलं, "मी येत नाही." कुणी वाद घातला नाही. काका नाहीत म्हणून काकू नाहीत, काकू नाहीत म्हणून मुलं नाहीत, बेत बारगळला. राग एकाला होता, तिकिटं आठ गेली. 'दंगल'च्या वेळी मध्ये वर्ष गेलं होतं, राग निवला होता.

आडवा_पडदा:
ताई, त्याच दिवशी अक्षय कुमारचा 'रक्षाबंधन' आला, तोही आपटला. त्याच वर्षी 'सम्राट पृथ्वीराज' पडला, 'शमशेरा' पडला. माझ्या आईने तेव्हा एकच विचारलं, "महिन्या-दोन महिन्यांत घरी दिसेलच ना?" तिला कुणाचाही राग नव्हता. थिएटरला जायची सवय मोडली होती.

हिशेबनीस:
दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट सुटते आहे. अपेक्षा ठरवतं कोण? निव्वळ कमाईतला साधारण निम्माच वाटा वितरकाच्या हाती येतो. त्यामुळे तोच आकडा एकाला सुपरहिट ठरवतो, दुसऱ्याला बुडवतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये '१२वी फेल' पहिल्या दिवशी कोटभराच्या आसपास सुरू झाला आणि आठवडेच्या आठवडे चालला. खर्च बेताचा, म्हणून त्याला तेवढी सवड मिळाली. मोठ्या स्टारचं मानधन आणि बजेट इतकं फुगतं की पहिल्या तीन दिवसांतच सगळं ठरतं. त्या तीन दिवसांत काकांसारखा एक माणूसही महागात पडतो.

आडवा_पडदा:
मग शाहरुख खानच्या 'पठाण'चं काय? गाण्यातल्या भगव्या कपड्यांवरून केवढा बहिष्कार! तरी २५ जानेवारी २०२३ ला, सुट्टी नसलेल्या बुधवारी, ५० कोटींच्या पुढे.

मधली_रांग:
शाहरुखने प्रदर्शनाआधी नेहमीसारख्या मुलाखती दिल्या का? चार वर्षांनी मुख्य भूमिकेत येणारा माणूस, आणि माध्यमांसमोर गप्प. प्रतिमेने फरकच पडत नसता तर एवढं मौन कशासाठी?

आडवा_पडदा:
हा मुद्दा मी मानतो. पण सांगा, काकांनी 'पठाण' पाहिला का?

मधली_रांग:
पाहिला, थिएटरमध्येच. पण दुसऱ्या आठवड्यात, तीन जणांनी चांगला आहे असं सांगितल्यावर.